पंधरा पाय : प्रकल्प नोंदी, ठाणे

१८ नोव्हेंबर २०२४

वही नवी, पण पहिल्याच पानावर आजींच्या चहाच्या कपाचा गोल उमटलाय. राहू दे.

हिशेब असा: तीन कुत्रे, एक घोडी. त्यातल्या एका कुत्र्याला तीनच पाय. एकूण पंधरा.

मी माणसांची फिजिओथेरपिस्ट. अठरा वर्षं गुडघे, खुबे आणि कंबरा यांच्यातच गेली. आजींचा खुबा बदलल्यावर व्यायाम घ्यायला मी मानपाड्याला त्यांच्या घरी जाऊ लागले. आजी वॉकर टेकत हॉलमधून निघाल्या की त्यांचा अकरा वर्षांचा लॅब्रॅडोर, ब्रुनो, मागोमाग भिंतीला अंग घासत निघायचा. दोघांचाही डावा पाय मागे राहायचा. तिसऱ्या दिवशी आजीच म्हणाल्या, "अगं, माझं बघतेस तसं याचंही बघ ना. तो काही तुझी फी बुडवणार नाही."

तर हा उद्योग. चार महिने, फी न घेता, सगळं लिहून ठेवायचं. एक गोष्ट आधीच ठरवली: निदान माझं नाही. १९८४च्या भारतीय पशुवैद्यकीय परिषद कायद्याप्रमाणे जनावरांवरचे उपचार नोंदणी असलेल्या पशुवैद्यकाचं काम आहे, आणि माझी पदवी माणसांपुरती. तेव्हा आमच्या भागातल्या पशुवैद्यक बाईंनी प्रत्येक जनावर आधी तपासायचं, काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही ते चिठ्ठीवर लिहून द्यायचं, मग माझी पाळी. त्यांनी हो म्हटलं, वर एक अट घातली: "गोळ्यांबद्दल कुणी विचारलं तर तू मुकी." रास्त आहे. घरातली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी पोळीच्या तुकड्यात घालून लोक कुत्र्याला प्रेमाने भरवतात, आणि मग त्याच्या पोटातल्या जखमा आणि निकामी मूत्रपिंडं घेऊन बाईंकडे धावतात.

२० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. बोटाला शाई लावून थेट ब्रुनोकडे.

वजन ३९ किलो. डॉक्टरांच्या मते ३२ हवं. एक्स-रेत दोन्ही खुब्यांना संधिवात, डावीकडे जास्त. डाव्या मांडीचा घेर उजवीपेक्षा अडीच सेंटिमीटरने कमी. बसलेला उठून उभा राहायला ११ सेकंद. हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत त्याची साधारण २० पावलं होतात. मोबाइलवर चित्रण करून नंतर सावकाश पाहिलं तर नऊदा मागचा पाय घसरला. नऊदा! समोर उभी राहून पाहताना मला तीन-चारच दिसले होते. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, हा पहिला धडा पहिल्याच दिवशी.

कुत्रा उभा असतो तेव्हा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर आणि ४० टक्के मागच्यांवर असतो. मागचं दुखायला लागलं की तो आणखी पुढे रेलतो, आणि मग दुखण्याशी काही संबंध नसलेले खांदे लाकडासारखे होतात. ब्रुनोचे तसेच झालेत. तिथे तळहाताने नुसतं लांब, संथ चोळलं तरी सुस्कारा सोडतो.

योजना: रोज १५ मिनिटं मालिश, मागच्या पायांच्या सांध्यांची हलकी हालचाल, उभा असताना कमरेला अलगद डावी-उजवीकडे ढकलून दोन्ही पायांवर भार घ्यायला लावणं. आणि चालणं, पण अगदी हळू. हे घरच्यांना पटवायला वेळ लागला. जोरात चालताना दुखरा पाय उचलून तीन पायांवर भागवता येतं. सावकाश चाललं की चारही टेकवावेच लागतात. नातू म्हणाला, "म्हणजे फिरायला न्यायचं की वरातीत?"

खाण्याचा हिशेब मात्र मी आजींसमोर मांडला आणि वातावरण जरा तापलं. ३२ किलोच्या कुत्र्याला विश्रांतीच्या अवस्थेत साधारण ९४० किलोकॅलरी लागतात. (वजनाचा पाऊण घात गुणिले ७०. कॅल्क्युलेटर लागतो.) एक ग्लुकोज बिस्किट वीस-पंचवीस किलोकॅलरी. आजींच्या चहाबरोबर सकाळी चार, दुपारी चार. म्हणजे दिवसाचा पाचवा हिस्सा बशीतच संपला. आजी म्हणाल्या, "मग मी चहा एकटी पिऊ?" तडजोड: बिस्किटांऐवजी काकडीच्या चकत्या. चहा दोघांचा चालू.

२३ नोव्हेंबर

ऐरोली. चकली, डॅशहुंड, पाच वर्षांची. ऑगस्टात मणक्याची चकती सरकली; ऑपरेशनशिवाय सहा आठवडे पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती घेऊन उठली. माणसाने हौसेने आखूड पायांची जात घडवली, आणि त्याच गुणाबरोबर मणक्याच्या चकत्या तरुणपणीच कडक होणंही पदरात आलं.

मागचा पंजा उलटा करून टेकवला तर धडधाकट कुत्रा क्षणात सरळ करतो. चकलीचा उजवा दोन सेकंद तसाच राहिला. पाय कुठे आहे याची खबर डोक्यापर्यंत अजून उशिरा पोचते. त्यासाठी झाडूच्या पाच काठ्या जमिनीवर ठेवून त्यांवरून हळूहळू चालवायचं. सोफ्याला उतरती फळी. गळ्यातला पट्टा बंद, छातीचा पट्टा चालू. आणि मालकांनी फ्रिजवर लावायचा कागद: मागचे पाय लुळे पडले, लघवी थांबली, किंवा बोट जोरात चिमटूनही कळलं नाही, तर व्यायाम-बियाम काही नाही, त्याच तासाला डॉक्टर.

शहाणं घर आहे. इथे मला फार काम नाही.

२६ नोव्हेंबर

बाळकुमचा तबेला. घोडबंदर रस्त्याने आले. ज्या गावाला घोड्यांच्या व्यापारावरून नाव पडलं, त्याच्या रस्त्यावर आज चाक हलत नाही. बाळकुमला पोचायला पन्नास मिनिटं.

चांदणी: पांढरी, मारवाडी रक्ताची, कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात. दातांवरून चौदा-पंधरा वर्षांची. वरातीची घोडी. मालक बाळकुमचेच आगरी दादा, वडिलांचा टांगा होता. मोतद्दार, म्हणजे घोडीची निगा राखणारा, पोरगा फलटणकडचा, विशीतला, तबेल्यातच झोपतो. बोलतो कमी. पण त्याने खरारा (अंग घासायचा ब्रश) हातात घेतला की घोडीची मान खाली येते आणि खालचा ओठ लोंबतो. असा हात मला पाच वर्षांच्या शिक्षणानंतरही नव्हता.

डॉक्टरांची चिठ्ठी: पाठ दुखरी. लंगड नाही. खूर लांबलेले, नाल मारून तीन महिने झालेत. (सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद यायला हवा.) पुढच्या दोन्ही पायांना, खुराच्या वरच्या सांध्यावर समोरून जुन्या खपल्या. दादा म्हणाले, रस्त्यावर ठेच लागते. मी वहीत लिहिलं: ठेच.

घोडी काट्यावर कोण चढवणार? टेपने वजन काढलं. छातीचा घेर १६० सेंटिमीटर, अंगाची लांबी १४२; घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले ११८८०. आलं ३०६ किलो. पाठीवरचं ओझं, म्हणजे स्वार आणि खोगीर मिळून, वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत ठेवावं असा अंदाज सांगतात. म्हणजे ६१ किलो. आता ठाण्यातला नवरदेव डोळ्यांपुढे आणा. शेरवानी, फेटा, आणि पुढ्यात बसवलेला हट्टी भाचा. नुसतं जरीचं खोगीरच १४ किलो भरलं. शिवाय ते मागे सरकून कमरेवर बसतं. घोड्याने ओझं घ्यायचं ते बरगड्यांच्या आधाराच्या भागावर, शेवटच्या बरगडीच्या पुढे. तिच्या मागे खाली आधार काहीच नाही. तिथे दोन बोटं नुसती टेकवली तर चांदणी पाठ दाबून खाली गेली, कान मागे.

तबेला पाहिला. सिमेंटचा कोबा, मोरीकडे उतार, रोज धुतात. दावं दीड हाताचं. वहीत नोंद: "जागा उत्तम, स्वच्छ."

(हे वाक्य खोडायचं नाही असं नंतर ठरवलं.)

१ डिसेंबर

ब्रुनोकडे रबरी मॅट. आजींच्या घराची फरशी व्हिट्रिफाइड, रोज पुसून आरसा केलेली. आधी रबरी तळव्यांचे मोजे घालून पाहिले. ब्रुनो पुतळ्यासारखा उभा राहिला, हलेना. ज्यूटचं पायपुसणं टाकलं तर ते त्याच्यासकट सरकलं. शेवटी जांभळी नाक्यावरून व्यायामशाळेत घालतात तसल्या जाड मॅट आणल्या, ३,२०० रुपये. हॉल, जेवणाची जागा, पाण्याच्या भांड्याजवळ. नखं कापली, तळव्यांतले केस कमी केले. त्यांनीही पाय घसरतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

आजी त्याच मॅटवरून वॉकर न घेता चार पावलं चालल्या. मी सहा आठवडे त्यांना मॅट घाला म्हणत होते. विचारलं तर म्हणाल्या, "माझ्यासाठी म्हणून घातली असती तर घरात आजारपण आल्यासारखं वाटलं असतं."

४ डिसेंबर

पंधरापैकी तीन पाय: काळू. आमच्याच सोसायटीच्या फाटकावरचा. तीन वर्षांपूर्वी गाडीखाली मागचा उजवा गेला. कानाला नसबंदीची खाच आहे. वॉचमन काकांचा तो सहकारी, रात्रपाळी दोघांची.

मागचा पाय गेलेलं कुत्रं पुढचा गेलेल्यापेक्षा बरं निभावतं, कारण मुळात मागे भार कमी. पण उरलेला एक मागचा पाय तो शरीराच्या मध्यरेषेखाली आणून ठेवतो, त्यामुळे कमरेचा कणा कायम किंचित वाकडा. मालिश करू देईल असं वाटलं नव्हतं. काकांनी डोकं मांडीवर घेतलं, मग दिली. काकांना शिकवलं: कण्याच्या दोन्ही बाजूंनी, हाडावर नाही, बाजूच्या मांसावर, बोटांनी लहान गोल. काका म्हणाले, "आमची आई बैलांना असंच करायची, शेतातून आल्यावर."

९ डिसेंबर

चांदणीचे गाजराचे व्यायाम. गाजर दाखवत मान छातीकडे, पुढच्या पायांमध्ये, मग दोन्ही कुशींकडे वळवायला लावायची, तिथे काही सेकंद थांबवायचं. २०११ साली छापून आलेल्या एका अभ्यासात आठवड्यातून पाच दिवस, तीन महिने हे केल्यावर घोड्यांच्या कण्यालगतचा मल्टिफिडस हा खोल स्नायू मोजण्याइतका भरला होता. नुसत्या गाजरावर! मी त्या शोधावर इतकी खूश होते की गाजर बोटांत चिमटीने धरलं. तळहातावर सपाट धरायला हवं, हे पोरगा सांगतच होता. अंगठ्याचं नख काळं पडलंय.

१७ डिसेंबर

कमुर्ता लागला. गुजराती-मारवाडी लग्नं आता संक्रांतीपर्यंत बंद, म्हणजे चांदणीला चार आठवडे सुट्टी. डॉक्टर बाई पुन्हा आल्या. नालबंदाने खूर छाटून नाल मारून दिली होती, ती पाहिली. पाठ पाहिली, फार फरक नाही. मग खाली बसून त्या खपल्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या.

एक खपली ताजी होती. ओली.

"तीन दिवस घोडी बाहेर गेली नाहीये ना? मग ठेच कुठे लागली?"

दादा गप्प. मी गप्प. पोरगा खराऱ्यातले केस काढत होता. डॉक्टरांनी त्यालाच विचारलं, रात्री काय होतं. तो म्हणाला, "पडती ती."

म्हणजे?

"उभ्या उभ्या डोळा लागतो. मग पुढचे पाय मुडपत्यात, धप्पकन गुडघ्यावर येती. दचकून उठती. रात्रीत दोन-तीनदा. मी आपला कुशी बदलतो."

घोडा उभ्याने पेंगतो हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या पायांत कड्या लावल्यासारखी सोय असते, मागचा गुडघा अडकवून कमी श्रमात तो उभा राहू शकतो. पण ती पेंग. गाढ झोप, ज्यात सगळे स्नायू सैल पडतात, ती त्याला आडवं झाल्याशिवाय मिळत नाही. रोज अर्धा-पाऊण तास पुरतो, पण तेवढी लागतेच. आडवं व्हायला जागा नसेल, भीती वाटत असेल किंवा अंग दुखत असेल तर तो झोप टाळत राहतो, आणि मग कधीतरी उभ्या उभ्याच गाढ झोप घेरते नि पाय मुडपतात. खपल्या सांध्याच्या समोरून का, ते आता कळलं.

दीड हाताच्या दाव्यात मान जमिनीला टेकत नाही. ती बसणार कशी?

मी तीन आठवडे इथे येतेय. पाठ चोळली, गाजरं भरवली, घेर मोजले. रात्री तिच्यापासून चार हातांवर झोपणाऱ्या पोराला एक प्रश्न विचारला नव्हता. सगळं दादांना विचारत राहिले, कारण ते मालक.

१८ डिसेंबर

दादांशी बोलणं. ते निर्दय नाहीत, हे आधी लिहिते. चंदी स्वतः भिजवतात, हरभरा आणि गव्हाचा कोंडा. दाव्याचं कारण त्यांनी सरळ सांगितलं: "ताय, पांढरी घोरी हाय ती. बसली तं शेनात लोलंल. मंग वरातीला काय पिवली घोरी नेऊ?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचं पोट तिच्या पांढरेपणावर चालतं. शेवटी सौदा: कमुर्ता संपेपर्यंत, म्हणजे जिथे कमाई बुडणार नाही एवढ्यापुरतं, माझं ऐकायचं. कोब्यावर चार बोटं मुरूम, वर सुतारांकडचा रंध्याचा भुसा. एक टेम्पो मुरूम आणि मजुरी मी दिली. भुसा फुकट, फक्त पोती आपली न्यायची. जाडसर भुसा हवा, करवतीची बारीक पूड नको. ती नाकात जाते.

गव्हाणीचंही बोललो. दिवसातून दोनदा चंदी आणि मध्ये तासन्‌तास रिकामी गव्हाण. घोड्याचं पोट लहान आणि सतत थोडं थोडं चरण्यासाठी बनलेलं. त्याला ओकता येत नाही, म्हणून पोटशूळ जिवावर बेततो. वजनाच्या दीड ते दोन टक्के सुकं गवत रोज, म्हणजे चांदणीला साडेचार ते सहा किलो. दादा म्हणाले, गवताचा भाव तुला ठाऊक हाय का. नव्हता. आता आहे.

२२ डिसेंबर

माझी चूक, ठळक अक्षरात. दावं लांब करा म्हणून सांगितलं, पण किती लांब याचा विचार नीट केला नाही. काल रात्री त्या लांब दाव्यात तिचा मागचा पाय अडकला. पोरगा जागा झाला, कोयत्याने दावं कापलं, म्हणून वाचली. खुराच्या वर दोरीने कातडं सोललंय. डॉक्टरांनी जखम धुतली, धनुर्वाताची लस दिली. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो आणि तबेल्याच्या मातीत त्याचे जंतू असायचेच.

दादा मला काही बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

आता दावंच नाही. पोराने दोन आडवे बांबू टाकून जागा बंदिस्त केली, घोडी आत मोकळी. पंचवीस मिनिटांचं काम. त्याला पहिल्या दिवशी विचारलं असतं तर, वगैरे.

२६ डिसेंबर

सकाळी सात वाजता पोराने फोटो पाठवला. मजकूर नाही, नुसता फोटो: डाव्या कुशीवर आणि मांडीवर हिरवट-पिवळा शेणाचा डाग, आणि शेपटीत भुसा.

झोपली.

दादांचा फोन आठ वाजता. "ताय, घोरी मलली." पण आवाजात राग नव्हता.

३१ डिसेंबर

फटाके. ब्रुनो पलंगाखाली, चकली मालकिणीच्या स्वेटरमध्ये, काळू काकांच्या खुर्चीखाली. कुणाचेच व्यायाम नाहीत.

१९ जानेवारी २०२५

ब्रुनोचे आकडे मी फार अभिमानाने वाढवत आणले होते. ११ जानेवारीला: उठायला ६ सेकंद, २० पावलांत एकदा घसरला, वजन ३७. माझ्या मालिशचा गुण, अशी माझी ठाम समजूत. डॉक्टरांना तसं सांगूनही झालं होतं.

मग संक्रांत आली. आजींच्या सुनेने हळदीकुंकू केलं. काळ्या रबरी मॅट बैठकीत बऱ्या दिसत नाहीत म्हणून गुंडाळून गच्चीत ठेवल्या, आणि घालायच्या राहून गेल्या. पाच दिवस. मालिश आणि बाकी सगळं चालूच होतं. नातू अगदी नेमाने करतो. आज मोजलं: २० पावलांत सातदा घसरला. उठायला ९ सेकंद.

मॅट परत घातल्या.

म्हणजे सात आठवडे जे काम मी माझ्या हातांच्या नावावर लिहीत होते, त्यातलं बरंचसं ३,२०० रुपयांच्या रबराचं होतं. दोन गोष्टी पाठोपाठ सुरू केल्या की श्रेय कुणाचं ते कळत नाही, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना मी स्वतः शिकवते. मालिश निरुपयोगी नाही, खांदे नक्कीच सैल झालेत, आणि ब्रुनोला ती वेळ आवडते. पण पंधरा मिनिटं चोळून उरलेले पावणेचोवीस तास आरशावर चालवायचं, तर काय उरणार?

पाण्यातली ट्रेडमिल कुठे भाड्याने मिळेल म्हणून चौकशी चालवली होती. उपाय चांगला आहे. पाणी खुब्याच्या हाडापर्यंत चढवलं की पायांवर वजनाचा ३८ टक्के भारच उरतो, गुडघ्यापर्यंत असेल तर ८५. ऑपरेशननंतर उत्तम. पण ब्रुनोसाठी तो कागद फाडला. आधी लिफ्टबाहेरच्या लॉबीची फरशी.

२ फेब्रुवारी

चकली: पंजा आता लगेच सरळ. काठ्या चार बोटं उंच केल्या. डॉक्टरांनी महिन्याभराने बोलावलंय. एवढंच.

८ फेब्रुवारी

लग्नं पुन्हा सुरू. दादांनी कोबा परत उघडा केला असेल, या धास्तीने गेले. मुरूम जागेवर होता. बांबूही. गव्हाणीत गवत. दादांनी नवीन काय केलं होतं तर जुन्या चादरीची झूल शिवून घेतली: वरातीच्या आदल्या रात्री घोडीला घालायची, म्हणजे बसली तरी डाग झुलीवर. पोरगा म्हणाला, तरी मांडीवर थोडा लागतोच, पहाटे धुतो. मी तीन रात्री यावर डोकं लावलं होतं आणि मला झूल सुचली नव्हती.

खपल्या वाळल्या. नवीन नाही.

खोगिराखाली दुहेरी जाड नमदा (लोकरीची गादी) आला, आणि तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, पुढे घेऊन खोगीर मागे सरकणार नाही असं बांधतात. भाच्यांना बंदी. "लहान पोर वर बसनार नाय, घोरी लाथ मारते," असं दादा वऱ्हाडाला सांगतात. चांदणीने आयुष्यात लाथ मारलेली नाही. डीजेजवळ तिच्या कानात कापसाचे बोळे.

नवरदेवाच्या वजनाचं काही करता आलेलं नाही. फेरा तेवढा कमी केला: आधी दोन तास वर बसवून फिरवायचे, आता शेवटची पंधरा-वीस मिनिटं.

१९ फेब्रुवारी

शिवजयंती. मिरवणुकीत चांदणी चालली, पाठीवर नऊ-दहा वर्षांचा बालशिवाजी, तीस किलोही नसेल. मी मुद्दाम बाजूने चालत गेले. मान खाली, कान सैल, पाठ हलतेय. कदम मोकळा पडत होता. पुढे एक ताशा अगदी कानाशी वाजला तेव्हा दचकली, पोराने मानेवर हात ठेवला, संपलं. खोगीर काढल्यावर घामाचा ठसा पाहिला: दोन्ही बाजूंना सारखा, मध्ये कोरडे ठिपके नाहीत. कोरडा ठिपका म्हणजे तिथे दाब जास्त.

कमरेवर दोन बोटं. खाली गेली नाही. कान मात्र जरा वळवले.

११ मार्च

उकाडा. दुपारी सिमेंटच्या रस्त्यावर तळहाताची पाठ सात सेकंद ठेववत नाही. म्हणजे काळूच्या तळव्यांनाही नाही. काकांनी फाटकाच्या सावलीत ओलं गोणपाट टाकलंय. उरलेल्या मागच्या पायाची नखं एका बाजूने झिजतात, ती नोंद डॉक्टरांसाठी.

चांदणीच्या घामावर लक्ष ठेवायला पोराला सांगितलं. दमट हवेत काही घोड्यांचा घाम येणंच कमी होतं किंवा थांबतं, आणि मग अंग तापत जातं. श्वास मोजायला शिकवला: कुशीकडे बघून, मिनिटाला ८ ते १६ ठीक. तो म्हणाला, "मोजतो की रोज." कधीपासून? "आल्यापासून." वही काढून दाखवली. किराण्याची छोटी वही, त्यात तारखा आणि आकडे. १७ डिसेंबरच्या आधीच्या पानांवर रात्रीच्या पडण्याच्या फुल्या होत्या.

त्याची वही मागून घेतली, फोटो काढून परत दिली. माझ्या वहीपेक्षा ती नीट आहे.

३० मार्च

गुढीपाडवा. स्वागतयात्रेला चांदणी नाही. काल रात्री वरात होती, आज सुट्टी, असं दादांनीच ठरवलं. गेले तेव्हा अकरा वाजता भर उजेडात आडवी पसरली होती, पाय ताठ, आणि मधूनच खूर हलत होते. तबेल्याच्या दाराशी गुढी. आम्ही दोघी, मी आणि डॉक्टर बाई, उगाच कुजबुजत बोलत होतो. आज तपासणी नको, झोपू दे, म्हणून तशाच परतलो.

आकडे: टेपने ३१८ किलो. ब्रुनो ३५.४, मांडीतला फरक दीड सेंटिमीटर, घसरणं २० पावलांत एक. आजी काठीवर. काळूला गोचीड औषध दिलं.

बाकी कामं: नालबंदाला ५ एप्रिलचा निरोप. पावसाळ्याआधी मुरूम बदलायचा, तळ ओला राहिला तर खूर सडेल. लॉबीच्या फरशीबद्दल आजींच्या सोसायटीच्या कमिटीला दिलेलं पत्र: दुसऱ्यांदा दिलं. सेक्रेटरी म्हणाले, पॉलिशचं कंत्राट नुकतंच दिलंय, आता फरशी आणखी चमकेल.